तापीकाठची लेकुरवाळी

पहाटे ५.००
आषाढ लागलाय. उन्हाळाभर बिळात दडून बसलेले खेकडे पहिल्या पावसाने बाहेर आलेत. ते रात्री फिरणारे, म्हणून उजाडण्याआधी बुऱ्हाणपूरचा राजघाट गाठते. बादली, टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, वही. भोईकाका आधीच आलेले असतात. दगड उचलायचा कसा आणि होता तसाच परत ठेवायचा कसा, हे त्यांनीच शिकवलं.

सकाळी ६.००
पाठ मागून चिमटीत धरली की नांगी पोचत नाही. पाठीची रुंदी मोजायची, मग उलटा करायचा. पोटावरची पट्टी अरुंद असली तर नर, रुंद पसरट असली तर मादी. पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि सोडायचा.

रत्नागिरीच्या खडकांवर मी शंखातले खेकडे मोजले होते. त्यांचं मऊ पोट शंखात दडलेलं, म्हणून पाठीचा पुढचा टणक भाग तेवढा मोजायचा. मोठा रिकामा शंख मिळाला नाही, तर त्यांची वाढ खुंटते.

सकाळी ६.४५
एका मादीची पट्टी जराशी उघडते आणि आत इवली पिल्लं वळवळतात.
"ताई, लेकुरवाळी आहे. हिला आधी सोडा."
काकांचं खरं आहे. शंखातल्या खेकड्याच्या अळ्या समुद्रात तरंगत दूर जातात. एक किनारा ओस पडला तरी प्रवाह दुसरीकडून पिल्लं आणू शकतो. नदीच्या खेकड्याची अंडी थोडी पण मोठी. अळीची अवस्था अंड्यातच सरते, बाहेर येतो तो थेट छोटा खेकडा. काही दिवस आईच्या पोटाशी, मग याच घाटाच्या दगडांखाली. इथले संपले, तर भरती नवे आणून घालणार नाही.

दुपारी १.३०
कॉलेजचे तास आटोपून वही उघडते. खेकडा कात टाकून वाढतो, त्यामुळे कवचावर वयाची खूण उरत नाही. म्हणून रुंदीनुसार गट पाडून आलेख काढायचा. छोट्यांचा उंचवटा महिन्यागणिक मोठ्या मापाकडे सरकतो. तीच पिढीची वाढ. कातीबरोबर ठिपकाही जातो, म्हणून फेरमोजणी लगेच करायची. काल २० जणांना ठिपके दिले, आज पकडलेल्या २० मध्ये ५ ठिपकेवाले निघाले, तर तिथे साधारण ८० खेकडे धरायचे.

संध्याकाळी ६.००
गल्लीतून यंत्रमागांची खडखड ऐकत पुन्हा घाटावर. शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मोत्सव. विद्यार्थ्यांबरोबर दगडांत अडकलेलं प्लास्टिक आणि निर्माल्य वेचते. ओलसर फट मोकळी राहिली, तरच पिल्लांना आसरा.

रात्री ८.००
सकाळच्या दगडापाशी थांबते. मुलताईहून निघालेली तापी ७२४ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. ही लेकुरवाळी मात्र इथलीच, तिची पिल्लंही इथलीच. दगडाला हात न लावता टॉर्च विझवते.