स्टुडिओसाठी बनला, स्टेजवर गाजला : शुअर एसएम 58

गोल जाळीचा हा माईक तुम्ही ऑर्केस्ट्रात, सभेत, कीर्तनात कुठे ना कुठे पाहिलेलाच असणार. अमेरिकेतल्या शुअर कंपनीने तो 1966 साली बाजारात आणला, तोही स्टुडिओ डोळ्यांसमोर ठेवून. पण त्याला खरा आसरा दिला रॉक बँडच्या दौऱ्यांनी.

कारण त्याच्या रचनेत आहे. हा डायनॅमिक माईक. आवाजाने पडदा हलतो, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकाजवळ हलते आणि वीज तयार होते. त्यामुळे फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरकडून माईकला द्यावी लागणारी वीज, लागत नाही, आदळआपट आणि घामही तो बऱ्यापैकी सोसतो. आतली कॅप्सूल लवचिक आधारावर बसवलेली असल्याने हाताळण्याची खडखड कमी येते. समोरचा आवाज तो नीट पकडतो, मागचा दाबतो, म्हणून गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा मॉनिटर स्पीकर माईकच्या पाठीमागे ठेवतात. (रॅपर मंडळी जाळी मुठीत धरतात तेव्हा हाच गुण मरतो आणि शिट्टी वाजते. मग शिव्या खातो बिचारा साउंडवाला!)

स्टुडिओत नाजूक आवाजासाठी मी फँटम पॉवरवर चालणारा, जास्त संवेदनशील कंडेन्सर माईकच लावेन. अगदी वरच्या कंपनसंख्यांची झळाळी 58 देत नाही. मात्र डायनॅमिकला कमी लेखू नका. मायकल जॅक्सनच्या 1982 च्या 'थ्रिलर'मधलं गायन याच घराण्यातल्या एसएम 7 वर रेकॉर्ड झालं आहे.

नकली 58 बाजारात भरपूर आहेत. घ्यायचा तर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, आणि बिल मागा.