विजेलाही भोवरे पडतात

मिक्सर जरा जास्त वेळ चालला की तापतो. त्याच्या तांब्याच्या तारेतून जाणारे इलेक्ट्रॉन थरथरणाऱ्या अणूंवर आणि अशुद्ध कणांवर आपटतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. तार तापली की अणू अधिकच थरथरतात, विजेला होणारा रोध वाढतो. वीज 'वाहते' असे आपण सर्रास म्हणतो खरे. पण पाण्याचे कण एकमेकांना ढकलत सोबतीने पुढे सरकतात, तारेतला इलेक्ट्रॉन मात्र एकटाच ठेचकाळत जातो.

तेव्हाच्या सोव्हिएत संघातील खारकीव्ह शहरात राडी गुर्झी यांनी १९६३ साली वेगळाच हिशेब मांडला. पदार्थ अतिशय शुद्ध असेल, तर इलेक्ट्रॉन बाहेरच्या अडथळ्यांपेक्षा एकमेकांवरच जास्त आपटतील. अशा धडकेत एकाने गमावलेला जोर दुसऱ्याला मिळतो, वाया जात नाही. मग सारा जमाव द्रवासारखा सरकू लागेल. गर्दीच्या मधोमध चालणाऱ्याला भिंत लागत नाही, तसेच हे! म्हणून अरुंद वाटेत तापमान वाढवले, तर रोध वाढण्याऐवजी कमी व्हावा, असे त्यांचे भाकीत होते. शाळेत शिकलेल्याच्या अगदी उलट!

पण इतका शुद्ध पदार्थ आणायचा कुठून? ती अडचण दूर केली ग्राफीनने. पेन्सिलीतील ग्राफाइटचा हा एका अणूइतक्या जाडीचा थर मँचेस्टर विद्यापीठात २००४ मध्ये चक्क चिकटपट्टीने सुटा करण्यात आला. तिथल्याच गटाने २०१६ मध्ये त्यातील इलेक्ट्रॉन-द्रवाचा चिकटपणा मोजला, तो मधाच्या सुमारे दहापट भरला.

झुरिकच्या ईटीएच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये तर भोवरेच टिपले. ग्राफीनच्या एक मायक्रोमीटर रुंद पट्टीला त्यांनी बाजूला गोल चकत्या ठेवल्या, जणू नदीकाठचे डोह. हिऱ्याच्या सूक्ष्म टोकाने चुंबकीय क्षेत्र तपासले, तेव्हा लहान चकत्यांत प्रवाह उलटा फिरताना आढळला. तोही खोलीच्या तापमानाला, हे विशेष.

यामुळे घरातल्या तारा बदलतील, अशी आशा मात्र धरू नये. खरा रस आहे तो मूलभूत नियमांत. विजेचा चांगला वाहक तो उष्णतेचाही चांगला वाहक, हा धातूंचा जुना नियम. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अरिंदम घोष यांच्या गटाने जपानी सहकाऱ्यांसह अतिशुद्ध ग्राफीन तपासले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, कमी तापमानाला या नियमापासून दोनशेपटींहून अधिक फरक पडला. विजेची वाहकता वाढली की उष्णतेची घटत होती.