कायद्याविना वगळलेला धडा

शाळेत काय शिकवावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उत्क्रांतीच्या निमित्ताने अमेरिकेत गेली शंभर वर्षे विधिमंडळांत आणि न्यायालयांत लढवला जात आहे. भारतात मात्र याच विषयाचा निर्णय कोणत्याही सभागृहात कायदा न होता, पाठ्यपुस्तकातून गाळलेल्या पानांच्या यादीतून झाला. त्याचा परिणाम छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड या तालुक्याच्या गावीही पाहता येतो. कन्नडच्या अनुदानित मराठी शाळेतील दहावीचा विद्यार्थी बालभारतीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग 2’ हे पुस्तक वाचतो, ज्याचे पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे आहे. कन्नडलाच असलेल्या जवाहर नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या निवासी शाळेत, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची (एनसीईआरटीची) पुस्तके चालतात आणि त्यांतील याच प्रकरणाचे नाव 2023 पासून नुसते ‘आनुवंशिकता’ एवढे उरले आहे.

या विषयाशी जिल्ह्याचा संबंध मात्र त्याआधीपासूनचा आहे. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबाद येथे (शहराचे तेव्हाचे नाव तेच होते) अखिल भारतीय वैदिक संमेलनासाठी आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहून वा सांगून ठेवलेले नाही, सबब शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल झाला पाहिजे, असे मत मांडले. सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त आणि रसायनशास्त्राचे पदवीधर असल्याने या विधानाला अज्ञानातून निसटलेले वाक्य म्हणून सोडून देणे कोणालाच जमले नाही. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी दोन-तीन दिवसांतच संयुक्त निवेदन काढून उत्क्रांतीच्या मूलभूत तथ्यांविषयी शास्त्रज्ञांत वाद नसल्याचे आणि तिला अभ्यासक्रमातून काढणे हे मागे नेणारे पाऊल ठरेल असे सांगितले, तर खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्यास सांगून विषय मिटवला. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रात दहावीचे नवे पुस्तक आले आणि त्यात उत्क्रांती पहिल्या प्रकरणात होती.

सिंह यांच्या आक्षेपाला विज्ञानाचे उत्तर साधे आहे. आजच्या माकडापासून आजचा माणूस झाला असे उत्क्रांतीचे शास्त्र म्हणत नाही. दोघांचे पूर्वज फार प्राचीन काळी एकच होते आणि पुढे त्यांचे वंश वेगळे झाले, असे ते म्हणते. एखाद्या जातीतील सर्व जीव सारखे नसतात, त्यांच्यातील काही फरक आनुवंशिक असतात, आणि ज्या फरकामुळे तगून राहणे व प्रजोत्पादन करणे सोपे होते तो पुढच्या पिढ्यांत वाढत जातो. या क्रियेला नैसर्गिक निवड म्हणतात आणि चार्ल्स डार्विनने 1859 मध्ये ती सविस्तर मांडली. यात कोणताही एक प्राणी दुसरा प्राणी ‘होताना’ दिसत नाही, बदलतो तो समूह.

हे पाहण्यासाठी लाखो वर्षे मागे जाण्याचीही गरज नाही. ज्या हिवाळ्यात औरंगाबादला ते भाषण झाले, त्याच्या आधीच्या खरिपात महाराष्ट्रातील कापसाचे गुलाबी बोंडअळीने अतोनात नुकसान केले होते. बीटी कापसात मातीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले असते आणि त्यातून तयार होणारे प्रथिन अळीला मारते. एका जनुकाचे वाण भारतात 2002 मध्ये आणि दोन जनुकांचे 2006 मध्ये आले. परंतु असंख्य अळ्यांत थोड्या अळ्या अशा असतात की त्या हे विष पचवतात, बाकीच्या मेल्यावर पुढची पिढी त्यांचीच वाढते, आणि काही हंगामांत शेतातील बहुतेक अळ्यांवर वाणाचा परिणाम होईनासा होतो. यावर उपाय म्हणून 450 ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई आणि ते शेताच्या कडेने लावणे अपेक्षित होते, म्हणजे तेथे वाढलेले साधे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी संकर करून प्रतिकाराचा वेग कमी करतील. ही छोटी पिशवी बहुतेक वेळा लावली गेली नाही, आणि ती का लावायची हे उत्क्रांती समजल्याशिवाय समजत नाही. डिसेंबर 2017 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात बोंडअळीग्रस्तांसाठी मदत जाहीर झाली. उत्क्रांतीवर कायदा कधी न करणाऱ्या विधिमंडळात तिच्या परिणामाची भरपाई मात्र जाहीर झाली, असे म्हणता येईल.

अमेरिकेत गोष्ट उलट घडली. टेनेसी राज्याने 1925 मध्ये ‘बटलर कायदा’ करून बायबलमधील निर्मितिकथा नाकारणारे शिक्षण सरकारी शाळांत देण्यास बंदी घातली, आणि त्याच वर्षी जॉन स्कोप्स या शिक्षकाला त्याखाली 100 डॉलर दंड झाला. वरच्या न्यायालयाने 1927 मध्ये तो तांत्रिक कारणावरून रद्द केला, तरी कायदा 1967 पर्यंत टिकला. अशी बंदी राज्यघटनेविरुद्ध असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये अर्कान्ससच्या प्रकरणात ठरवले, आणि उत्क्रांती शिकवाल तर ‘निर्मितिविज्ञान’ही शिकवा असे सांगणारा लुइझियानाचा कायदा 1987 मध्ये रद्द केला. त्यानंतर कायद्यांची भाषा मवाळ झाली. लुइझियानाच्या 2008 च्या आणि टेनेसीच्या 2012 च्या कायद्यांत धर्माचे नाव न घेता वादग्रस्त सिद्धांतांची ‘चिकित्सा’ करण्याची मोकळीक शिक्षकांना दिली आहे. हे कायदे कितीही आक्षेपार्ह असले, तरी कायदा म्हटला की त्याला मसुदा असतो, मतदान असते, आणि न्यायालयात जाण्याचा रस्ता असतो.

भारतात या तिन्ही गोष्टींची जागा रिकामी आहे. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत नेला, म्हणजे त्यावर केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येतो. याच दुरुस्तीने कलम 51-अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. कर्तव्य मात्र न्यायालयामार्फत थेट बजावून घेता येत नाही. शिक्षणहक्क कायदा, 2009 च्या कलम 29 नुसार पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम शासनाने नेमलेले शैक्षणिक प्राधिकरण ठरवते, आणि महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षा 1965 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राज्य मंडळाकडे आहेत. केंद्रात एनसीईआरटी ही 1961 मध्ये स्थापन झालेली, संस्था नोंदणी कायद्याखालील संस्था आहे. यांपैकी कोठेही कोणता वैज्ञानिक सिद्धांत शिकवलाच पाहिजे असे लिहिलेले नाही.

म्हणूनच करोनाकाळानंतर विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्याचे कारण देऊन 2022 मध्ये एनसीईआरटीने पाठ्यपुस्तकांतील काटछाट जाहीर केली, तेव्हा दहावीतील उत्क्रांती विधेयकाविना, मतदानाविना गेली. एप्रिल 2023 मध्ये ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीने प्रसृत केलेल्या निषेधपत्रावर 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी सह्या केल्या. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहेच, असे सरकारचे उत्तर होते. हे खरे आहे, पण पुरेसे नाही, कारण जीवशास्त्र हा विषय दहावीनंतर विज्ञानाकडे जाणाऱ्यांपैकीही सगळेच जण घेत नाहीत. वाणिज्य, कला किंवा आयटीआयला जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दहावीचे पुस्तक हेच जीवशास्त्राचे शेवटचे पुस्तक असते.

न्यायालयाचा दरवाजा या प्रश्नासाठी आतापर्यंत एकदाच ठळकपणे ठोठावला गेला, तोही उलट्या हेतूने: डार्विन आणि आइन्स्टाइन दोघेही चुकीचे आहेत असा दावा करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये फेटाळली. वैज्ञानिक सिद्धांताचा खरेपणा रिट याचिकेतून ठरत नाही, हे योग्यच झाले.

आता महाराष्ट्राची पाळी आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मे 2024 मध्ये शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा सूचनांसाठी खुला केला, आणि मार्च 2025 मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी राज्यातील शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सीबीएसईच्या धर्तीवरील अभ्यासक्रम लागू करण्याची घोषणा केली. हे टप्पे दहावीपर्यंत पोहोचतील तेव्हा विज्ञानाचे पुस्तक नव्याने लिहिले जाईल आणि ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या शीर्षकातील शेवटचा शब्द राहतो की जातो, हे त्या वेळी ठरेल. त्या पुस्तकाच्या मसुद्यावर सूचना मागवल्या जातील, तेव्हा कन्नडच्या आणि इतर तालुक्यांच्या विज्ञानशिक्षकांनी तो वाचावा आणि हे प्रकरण दहावीतच हवे, अशी लेखी सूचना मुदतीत नोंदवावी.