हेडफोनच्या गाद्या बदलताय? आधी हे वाचा

जालन्यात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. अशा उकाड्यात हेडफोनच्या रेक्झिनच्या गाद्या घाम पिऊन तडकतात आणि काळे पापुद्रे कानाला चिकटतात. सोनीचा एमडीआर-७५०६ वापरणाऱ्यांना हे नवीन नाही! म्हणून हेडफोन टाकून देऊ नका, त्याच्या गाद्या सहसा हातानेच निघतात.

पण मिळेल ती गादी लावू नका. बंद कपाच्या हेडफोनचा बास कानाभोवती हवा किती घट्ट कोंडली जाते यावर ठरतो. जरा फट राहिली, अगदी चष्म्याच्या काडीमुळेसुद्धा, की डग्ग्याची घुमक पोकळ होते. मखमली गादीतून हवा झिरपते; कान कमी तापतो, बास मात्र सहसा थोडा उतरतो. जाड गादीने ड्रायव्हर, म्हणजे आतला स्पीकर, कानापासून लांब जातो आणि आवाजाचा तोल बदलतो. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोच्या बहुतेक आवृत्त्यांना मखमली गाद्या कंपनीच देते; त्यांचा आवाज त्या गाद्या धरूनच जुळवलेला असतो.

आपल्या उन्हाळ्यात तासन्‌तास ऐकणाऱ्यांनी थोडा बास सोडून मखमलच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. जुन्या गाद्या लगेच फेकू नका. एका कानाला जुनी, दुसऱ्याला नवी लावून ओळखीचं गाणं ऐका आणि काय फरक जाणवला ते कमेंटमध्ये लिहा.