निजामाच्या काळातलं टपाल तिकीट घरात सापडलं, तर खरंच लाखो रुपये मिळतात का?

परभणीहून जिंतूरकडे जाताना झरी लागतं. या भागातल्या जुन्या घरांमध्ये एखादी तरी पत्र्याची ट्रंक हमखास असते, आणि तिच्या तळाशी पणजोबांच्या काळातली कागदपत्रं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हापासून मराठवाड्यात अशा ट्रंका पुन्हा उघडल्या जाऊ लागल्या. उर्दू खरेदीखतं, मोडी लिपीतले कागद, शेतसाऱ्याच्या पावत्या बाहेर आल्या. त्यातल्या काही कागदांवर नखाएवढी, नक्षीदार तिकिटंही चिकटवलेली असतात.

मग घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर पाहिलेलं रील आठवतं. ‘हे तिकीट तुमच्याकडे असेल तर तुम्ही करोडपती!’

यातलं खरं किती? एखाद्या जुन्या तिकिटाला कोट्यवधी रुपये मिळाल्याची उदाहरणं खरी आहेत. पण तुमच्या हातातलं तिकीट त्यातलं असण्याची शक्यता फार कमी असते, आणि ते ठरतं अशा गोष्टींवरून ज्या रीलमध्ये कधीच सांगितल्या जात नाहीत. शिवाय तिकीट मिळवायच्या घाईत लोक ज्या कागदावर कात्री चालवतात, तो कागदच अनेकदा जास्त मोलाचा असतो.

परभणीत इंग्रजांचं तिकीट का नव्हतं?

मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचं टपाल खातं स्वतःचं होतं. इंग्रजांनी सिंध प्रांतात १८५२ मध्ये ‘सिंध डाक’ हे आशियातलं पहिलं टपाल तिकीट काढलं. १८५४ मध्ये ब्रिटिश अमलाखालच्या मुलखासाठी तिकिटं आली. हैदराबादचं पहिलं तिकीट आलं १८६९ मध्ये. तेव्हा दिवाण होते पहिले सालारजंग. हे तिकीट एक आण्याचं, ऑलिव्हसारख्या हिरवट रंगाचं होतं आणि छापून आलं होतं लंडनहून. पुढे अर्ध्या आण्यापासून बारा आण्यांपर्यंतची तिकिटं निघाली. या जुन्या तिकिटांवर फारसी वळणाच्या अक्षरांसोबत इंग्रजी, तेलुगू आणि देवनागरी अशा लिप्या दाटीवाटीने बसवलेल्या दिसतात. संस्थानात कोण कोण राहत होतं, ते त्या इंचभर कागदावर कळतं.

ही तिकिटं फक्त संस्थानाच्या हद्दीतच चालायची. परभणीहून औरंगाबादला किंवा हैदराबादला पत्र पाठवायचं तर निजामाचं तिकीट, पण तेच पत्र पुण्या-मुंबईला जायचं असेल तर इंग्रजांचं तिकीट लागायचं. त्यासाठी संस्थानात ब्रिटिश टपाल कार्यालयंही होती. पैसाही वेगळा. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. त्यामुळे एकाच पाकिटावर दोन्ही राजवटींची तिकिटं असतील, तर संग्राहकांचे कान लगेच टवकारतात.

१९३१ मध्ये निजामाने चित्रांची तिकिटं काढली. एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हायकोर्ट, चार आण्यांवर उस्मानसागर, आठ आण्यांवर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बिदरचा मदरसा आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार. म्हणजे सहापैकी दोन चित्रं आपल्या मराठवाड्यातली होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आलं, पण तिकिटं लगेच बंद झाली नाहीत. १ एप्रिल १९५० पासून तिथे भारताची तिकिटं आली. मधलं साधारण दीड वर्ष परभणीतली पत्रं स्वतंत्र भारतात निजामाच्याच तिकिटावर जात होती.

आधी ओळखा, ते टपाल तिकीट आहे का?

ट्रंकेत सापडणारी बहुतेक तिकिटं टपालाची नसतातच. ती कोर्ट फी तिकिटं किंवा पावतीवर लावायची तिकिटं असतात. जमिनीच्या कागदावर वरच्या बाजूला छापलेला मोठा ठसा असेल, तर तो स्टँप पेपर आहे. त्यांचेही संग्राहक आहेत, पण तो बाजार वेगळा. यात आणखी एक गोंधळ म्हणजे निजामाच्या काही तिकिटांवर ‘पोस्ट अँड रिसीट’ असंच छापलेलं आहे. तेच तिकीट पत्रालाही चालायचं आणि पावतीलाही. पावतीवर सही करून खोडलेलं तिकीट आणि पाकिटावर गावाचा शिक्का बसलेलं तिकीट, छपाई एकच, पण टपालाचे संग्राहक शिक्क्याच्या तिकिटालाच जास्त विचारतात.

सारखीच दिसणारी दोन तिकिटं

तिकिटांच्या किमतीचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेत आहे. १८६० च्या दशकात तिथल्या टपाल खात्याला भीती होती की लोक वापरलेल्या तिकिटावरची शाई धुऊन ते पुन्हा वापरतील. म्हणून तिकिटाच्या कागदावर बारीक टोचे असलेल्या साच्याने दाब द्यायला सुरुवात झाली. त्या जाळीमुळे शाई कागदात खोल मुरायची. या जाळीचे वेगवेगळे प्रकार झाले. त्यातल्या ‘झेड ग्रिल’ नावाच्या जाळीचं, बेंजामिन फ्रँकलिन यांचं चित्र असलेलं एक सेंटचं निळं तिकीट आज जगात फक्त दोन ठिकाणी असल्याची नोंद आहे. एक न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या मालकीचं. दुसरं २०२४ च्या जूनमध्ये लिलावात सुमारे ४४ लाख डॉलरना गेलं.

त्याच चित्राची, त्याच रंगाची, जाळी नसलेली तिकिटं मात्र अगदी मामुली किमतीला मिळतात. समोरून पाहिलं तर सामान्य माणसाला फरक कळणार नाही. तिकीट पालथं करून, तिरक्या उजेडात जाळीच्या ओळी मोजाव्या लागतात.

हैदराबादच्या पहिल्या तिकिटांची गोष्टही अशीच आहे. मूळ छपाईनंतर १८८० मध्ये ती पुन्हा छापली गेली, टपालासाठी नाही तर संग्राहकांना देण्यासाठी. दिसायला तीच. फरक कडेच्या दातांमध्ये. मूळ तिकिटाला २ सेंटीमीटरमध्ये साडेअकरा छिद्रं, नंतरच्या छपाईला साडेबारा. संग्राहक छिद्रं मोजायची एक साधी पट्टी वापरतात, तिला परफोरेशन गेज म्हणतात. मोबाईलवर काढलेल्या एका फोटोवरून ‘किती मिळतील?’ असं विचारणाऱ्याला जाणकार उत्तर का देत नाहीत, त्याचं कारण हे. अर्धी माहिती कडेला असते, अर्धी मागे.

आणि वय? ‘दीडशे वर्षं जुनं आहे’ हा युक्तिवाद इथे फारसा चालत नाही. जगातलं पहिलं टपाल तिकीट, १८४० चं ‘पेनी ब्लॅक’, सुमारे ६ कोटी ८० लाख छापलं गेलं होतं. आजही ते हवं तेवढं मिळतं. कडा कापली गेलेली प्रत काही हजार रुपयांत येते. हैदराबादचं १८६९ चं तिकीटही साध्या अवस्थेत लाखांत जात नाही. १९३१ चा चारमिनार तर इतका छापला आणि वापरला गेला की सुटं, शिक्का मारलेलं तिकीट चहाच्या पैशात येतं.

याउलट १९४८ चं गांधीजींचं १० रुपयांचं तिकीट घ्या. त्या मानाने अगदी अलीकडचं. साधं तिकीट काही हजारांत मिळतं. पण त्यावर ‘सर्व्हिस’ असा जादा शब्द छापलेली फक्त १०० तिकिटं गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी तयार झाली होती. त्यातल्या जोडून असलेल्या चार तिकिटांना २०१७ मध्ये ५ लाख पौंड मिळाले, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४ कोटी रुपये. असं झाल्यावर काय होणार? साध्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ छापून विकणारे निघाले. निजामाच्या तिकिटांवरही ‘सरकारी’ असा उर्दू शब्द छापलेले अनेक प्रकार आहेत, आणि त्यांच्याही नकला आहेत.

किंमत ठरते कशी?

संग्राहकांच्या हातात कॅटलॉग असतो. भारतीय संस्थानांच्या तिकिटांसाठी बहुतेक जण लंडनच्या ‘स्टॅनली गिबन्स’चा वापरतात. यातला आकडा पाहून अनेकांचा गैरसमज होतो. तो आकडा म्हणजे त्या दुकानाने निर्दोष प्रत विकताना मागायची किंमत. विकायला आलेल्या माणसाला तेवढे पैसे मिळत नाहीत. साध्या तिकिटांना त्याच्या अगदी छोट्या हिश्शात गिऱ्हाईक मिळतं, कधी मिळतही नाही. इंटरनेटवर कुणी एखाद्या तिकिटाला ५ लाख ‘लावले’ आहेत यालाही अर्थ नाही. लावायला काय, कुणी कितीही लावेल. पाहायचं ते लिलावात प्रत्यक्ष किती रुपयांना गेलं.

मग येते अवस्था. चित्र चारही बाजूंच्या मधोमध बसलंय का, दात तुटलेत का, कोपरा दुमडलाय का, मागचा डिंक मूळचा आहे का, कागद कुठे सोलवटलाय का. उजेडासमोर धरल्यावर एखादी पातळ जागा दिसली तरी किंमत कोसळते. ओल, वाळवी आणि सेलोटेप हे मराठवाड्यातल्या ट्रंकांचे तीन शत्रू. त्यातला तिसरा माणसाने स्वतःच्या हाताने आणलेला. जपायचं म्हणून लावलेली टेप काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा चिकट डाग कागदात उतरतो.

म्हणूनच पाकिटावरचं तिकीट वाफ देऊन किंवा पाण्यात भिजवून काढू नये. चारमिनारचं सुटं तिकीट कुणी ढुंकूनही पाहणार नाही. पण तेच पाकिटावर असेल, त्यावर परभणी, जिंतूर किंवा एखाद्या लहान गावच्या टपाल कार्यालयाचा तारखेसह स्पष्ट शिक्का असेल, तर गोष्ट बदलते. लहान कार्यालयांतून टपाल कमी जायचं, म्हणून त्यांचे शिक्केही कमी उरले. त्यात तारीख सप्टेंबर १९४८ च्या आसपासची निघाली तर संस्थानाच्या शेवटच्या दिवसांचा तो पुरावाच. तिकीट काढलं की शिक्का अर्धा तिकिटावर राहतो, अर्धा पाकिटावर, आणि दोन्ही निरर्थक होतात.

जमिनीच्या कागदांबाबत तर हे आणखी गंभीर आहे. खरेदीखतावरचं तिकीट कापलं की मागच्या बाजूचा मजकूर जातो, क्वचित सही जाते. वारसाहक्काच्या वादात किंवा जातीच्या नोंदीसाठी ज्या कागदाचा आधार लागणार, त्याला शंभर-दोनशे रुपयांच्या तिकिटापायी भोक पडलेलं असतं. उर्दू वाचणारा माणूस आधी गाठावा, कागद काय आहे ते कळू द्यावं, दोन्ही बाजूंचे स्कॅन काढावेत. तिकिटाचा विचार त्यानंतर.

विचारायचं कुणाला?

टपाल खातं जुनी तिकिटं विकत घेत नाही आणि त्यांची किंमतही ठरवून देत नाही. मुंबईच्या जीपीओतला फिलाटेलिक ब्युरो संग्राहकांना तिकिटं विकतो. मात्र टपाल खात्याचं ‘महापेक्स’ हे राज्यस्तरीय प्रदर्शन भरतं तेव्हा राज्यभरचे संग्राहक आणि विक्रेते एका छताखाली येतात. तिथे चार जणांना दाखवून अंदाज घेता येतो, आणि तोही फुकट. एखादी वस्तू खरोखर दुर्मिळ वाटली तर तज्ज्ञांच्या समितीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीचं प्रमाणपत्र जगभर मानलं जातं. गंमत म्हणजे ती संस्थाही १८६९ चीच, निजामाच्या पहिल्या तिकिटाच्या वयाची. पण या तपासणीला पैसे लागतात, त्यामुळे चारमिनारसाठी तो खटाटोप करण्यात अर्थ नाही.

परदेशातलं गिऱ्हाईक मिळालं तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. १०० वर्षांहून जुन्या पुरावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं, कागदपत्रं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणून आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी लागते.

आणि ते करोडपतीवालं रील? त्याखाली बहुतेकदा व्हॉट्सॲप नंबर असतो. फोटो पाठवला की काही मिनिटांत ‘तुमच्या तिकिटाचे १८ लाख मंजूर झाले’ असा निरोप येतो. पुढे नोंदणी फी, मग जीएसटी, मग ‘आरबीआय क्लिअरन्स’. जुन्या नोटा आणि नाण्यांच्या नावाखाली हाच प्रकार इतका वाढला की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं, की आपण असे व्यवहार करत नाही, त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कुणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत. खरा विक्रेता तिकीट हातात घेऊन, भिंगाखाली पाहिल्याशिवाय आकडा बोलत नाही, आणि पैसे तो देतो, मागत नाही. फी भरून झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.