कागदावरील नफा आणि हातांतील पैसा

घरांतील शिल्लक पैसा कोठें ठेवावा, हा प्रश्न पूर्वीं वडील माणसें परस्पर सोडवीत. सोनें, पोस्ट, पेढी आणि फार तर एखाद्या नांवाजलेल्या कारखान्याचे दहा-वीस शेअर, एवढ्यांत त्याचें उत्तर सामावलेलें असे. आतां हा प्रश्न घरांतील तरुण मंडळी चर्चेस आणूं लागली आहे, आणि ती नुसतें मत नव्हे, तर पुरावा घेऊन येते. अमुक नियमानें शेअर घेतले व तमुक नियमानें विकले असते, तर दहा वर्षांत एका लाखाचे इतके लाख झाले असते, असें संगणकानें काढलेलें कोष्टक ती वडिलांपुढें ठेविते. वडिलांस त्यांतील परिभाषा समजत नाहीं, मुलांस त्यांतील खांचाखोंचा ठाऊक नसतात, आणि पणास लागते ती सर्वांच्या सामाईक श्रमांची पुंजी. म्हणून हें कोष्टक कशानें बदलतें, याचा विचार घरांतील सर्वांनींच एकदां करून ठेवणें इष्ट आहे.

या प्रयोगास बाजारांत 'बॅकटेस्ट' म्हणतात. आपण त्यास गतकाल-परीक्षा म्हणूं. तिची रीत सोपी आहे. प्रथम नियम शब्दांत बांधावयाचा. उदाहरणार्थ, भाव गेल्या वीस दिवसांचा उच्चांक ओलांडील तेव्हां घ्यावें, आणि दहा दिवसांच्या नीचांकाखालीं उतरेल तेव्हां विकावें. शिकागोचे व्यापारी रिचर्ड डेनिस यांनीं १९८३ सालीं आपल्या शिष्यांस जे नियम शिकविले, त्यांत अशाच एका नियमाचा समावेश होता. मग तो नियम मागील वर्षांच्या भावांवर चालवून नफा-तोटा मोजावयाचा. ही रीत मुळांत वाईट नाहीं. मुळींच न तपासलेल्या नियमावर पैसा लावण्यापेक्षां ती शतपटीनें बरी. परंतु तिचें उत्तर नुसत्या नियमावर अवलंबून नसतें. खर्च किती धरला, कोणता भाव धरला, कोणते शेअर निवडले, आरंभ कोणत्या तारखेस केला आणि आंकडे किती वेळां बदलून पाहिले, या पांच गोष्टींवरही तें तितकेंच अवलंबून असतें.

खर्चाची गोष्ट प्रथम घेऊं. समजा, एका नियमानें वर्षांत दोनशें वेळां शेअर घेतले व विकले, दर वेळीं एक लाख रुपये गुंतविले, आणि प्रत्येक व्यवहारांत शेंकडा पंचवीस पैसे सरासरी नफा झाला. खर्च शून्य धरला तर वर्षाचा नफा ५०,००० रुपये दिसतो. आतां शेअर प्रत्यक्ष ताब्यांत घेऊन विकले, तर खरेदीवर शेंकडा दहा पैसे व विक्रीवर दहा पैसे रोखे-व्यवहार-कर द्यावा लागतो. हे वीस पैसे वजा करतांच नफा १०,००० रुपयांवर येतो. शिवाय पडद्यावर दिसणारा भाव आणि प्रत्यक्ष मिळणारा भाव यांत किंचित् अंतर राहतें. तें घेतांना पांच पैसे व विकतांना पांच पैसे एवढेंच धरलें, तरी नफ्याच्या जागीं १०,००० रुपयांचा तोटा उभा राहतो. नियम तोच, भाव तेच. बदलले ते केवळ मांडणींतील दोन आंकडे. दलाली व इतर शुल्कें तर अद्याप हिशेबांत आलींच नाहींत. जो नियम वारंवार व्यवहार करावयास लावतो, त्यास हा रोग अधिक जडतो. वर्षांतून दोन-चार व्यवहार करणाऱ्यास त्याची बाधा थोडी.

दुसरी गोष्ट भावाची. दिवसाचा अखेरचा भाव बाजार बंद झाल्यावरच कळतो. तरीही पुष्कळ परीक्षांत त्या अखेरच्या भावावरून निर्णय करून त्याच दिवसाच्या आरंभींच्या भावानें खरेदी झाल्याचें धरलेलें असतें. प्रश्नपत्रिका आधीं पाहून परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्याच्या गुणांस जी किंमत, तीच अशा नफ्यास. तसेंच, एकाच दिवशीं भाव नफ्याच्या ठरलेल्या पातळीस व तोट्याच्या ठरलेल्या पातळीस दोहोंस शिवून गेला, तर आधीं काय घडलें हें दिवसाच्या चार आंकड्यांवरून कळत नाहीं. संगणकास सांगावें तसें तो धरतो, आणि सांगणारा बहुधा नफाच आधीं धरावयास सांगतो. कधीं कधीं तर विकतांच येत नाहीं. २३ मार्च २०२० रोजीं निर्देशांक शेंकडा दहांनीं कोसळतांच सर्व बाजार ४५ मिनिटें थांबविण्यांत आला होता. कागदावरील विक्री मात्र अशा वेळींही निर्विघ्न पार पडते.

तिसरी गोष्ट शेअरांच्या निवडीची. आज निफ्टीच्या यादींत असलेल्या पन्नास कंपन्या घेऊन वीस वर्षांमागची परीक्षा केली, तर ती परीक्षा टिकलेल्यांचीच होते. सत्यम कॉम्प्युटर्स ही कंपनी एके काळीं याच यादींत होती. ७ जानेवारी २००९ रोजीं हिशेबांतील लबाडी उघड झाली, शेअरचा भाव एका दिवसांत तीन-चतुर्थांशाहून अधिक घसरला, आणि तिचें नांव यादींतून गळलें. येस बँकही २०२० सालीं वगळली गेली. त्या वेळच्या गुंतवणूकदारास आजची यादी ठाऊक नव्हती. त्याच्या हातीं सत्यमही होती.

चौथी गोष्ट तारखेची. निफ्टी निर्देशांक जानेवारी २००८ च्या आरंभीं सुमारें ६,३०० वर होता, त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारें २,५०० वर आला, आणि २०१० च्या अखेरीस पुन्हां सुमारें ६,१०० वर गेला. 'घ्यावें आणि धरून ठेवावें' हा एकच नियम जानेवारीपासून मोजला तर थोडा तोटा दाखवितो, ऑक्टोबरपासून मोजला तर पैसे दुपटीहून अधिक झालेले दाखवितो. जाहिरात करणारा कोणती तारीख निवडील, हें सांगणें नको.

पांचवी गोष्ट सर्वांत सूक्ष्म. वीस दिवसांऐवजीं अठरा, दहांऐवजीं सात, असे आंकडे बदलीत गेलें कीं कोठें तरी उत्तम उत्तर सांपडतेंच. खरेदीचे दहा व विक्रीचे दहा पर्याय घेतले तरी शंभर जोड्या होतात. २०१४ सालीं बेली, बोरवाइन, लोपेझ द प्रादो व झू या चौघांनीं अमेरिकन गणित-मंडळाच्या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, पांच वर्षांच्या आंकड्यांवर सुमारें ४५ हून अधिक स्वतंत्र पर्याय तपासले, तर कोणत्याही पर्यायांत खरें सामर्थ्य नसतांनाही एखादा उत्तम दिसणारा जवळजवळ हमखास निघतो. डेव्हिड लाइनवेबर यांनीं तर थट्टेनें बांगलादेशांतील लोण्याच्या उत्पादनाशीं अमेरिकेच्या शेअरबाजाराचा मेळ घालून दाखविला होता! झालेल्या आयुष्यावरून पत्रिका जुळविणें कोणासही साधतें.

याचा अर्थ मुलांचा उत्साह मोडून काढावा असा नव्हे. त्यांस शांतपणें पांच प्रश्न विचारावे. सर्व कर, दलाली व भावांतील अंतर वजा केलें आहे काय? निर्णय व खरेदी यांचा क्रम खरा आहे काय? बुडालेल्या व वगळलेल्या कंपन्या यादींत आहेत काय? आरंभाची तारीख बदलली तर काय होतें? आणि किती पर्याय पाहून हा निवडला? वीस दिवसांस जो नियम नफा देतो व एकोणीस किंवा एकवीस दिवसांस तोटा, तो योगायोगच समजावा. कांहीं वर्षांचे आंकडे प्रारंभींच बाजूस ठेवून, नियम कायम झाल्यावर त्यांवर एकदांच परीक्षा घ्यावी. तींतही तो उतरला, तर कांहीं महिने अल्प रकमेवर अनुभव घ्यावा.

या सावधगिरीचें कारण मोठें आहे. सेबी या नियामक मंडळानें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा झाला. एकंदर तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक भरला, आणि सुमारें ५० हजार कोटी तर केवळ व्यवहारांच्या खर्चापायीं गेले. या सर्वांनीं अशी परीक्षा करून पाहिली होती असें नव्हे. परंतु खर्च व भाव यांचें खरें रूप काय असतें, हें त्यावरून स्पष्ट दिसतें. बाजारांतील तुरीवरून घरांत भांडणाऱ्या भटाची गोष्ट आपणांस नवी नाहीं. कोष्टकांतील नफा हा अशाच तुरीसारखा आहे. तो पदरांत पडेपर्यंत त्याच्या भरंवशावर मुलीचें शिक्षण, वडिलांचें औषधपाणी किंवा घराचे हप्ते ठरवूं नयेत, हेंच कुटुंबाच्या हिताचें.