गोळीतले बिनकामाचे सोबती?

गेल्या पावसाळ्यात आईला गोळी गिळवेनाशी झाली. 'घशात अडकते रे,' म्हणायची. मी शहाणपणा केला. तिची रक्तदाबाची गोळी खलात कुटली, मधात कालवली आणि चाटवली. दुपारी आई उठायला गेली आणि भिंतीचा आधार घेत मटकन खाली बसली. रक्तदाब एकदम उतरला होता.

"औषध तेच दिलंत ना?" डॉक्टरांनी विचारले.

"तेच. फक्त कुटून."

"मग तेच कसं?"

ती गोळी दिवसभर थोडे थोडे औषध सोडणारी होती. हे काम औषधाचे नसते, त्याला धरून ठेवणाऱ्या पदार्थांचे असते. तेच मी कुटून टाकले होते. दिवसभराचा डोस एकदम पोटात गेला.

औषधशास्त्र या पदार्थांना 'निष्क्रिय घटक' म्हणते. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. तिचे वजन १०० मिलिग्रॅम धरले, तर औषध फक्त दोन हजारावा भाग! एवढासा कण चिमटीत तरी कसा धरणार? म्हणून लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, गोळीला आकार देते. स्टार्च पोटातल्या पाण्याने फुगून गोळी फोडतो. मॅग्नेशियम स्टिअरेट तिला यंत्राच्या साच्याला चिकटू देत नाही. काही गोळ्यांवरचे आवरण जठरातल्या आम्लात टिकते आणि पुढे आतड्यात विरघळते.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन शहरात १९६८ साली फिट्सवरचे फेनिटॉइन घेणाऱ्या अनेक रुग्णांना विषबाधा झाली. चालताना झोक जाऊ लागले. डोस तर नेहमीचाच होता. शोध घेतल्यावर कळले, की कॅप्सूलमध्ये भर म्हणून असलेले कॅल्शियम सल्फेट बदलून लॅक्टोज घातले होते. पहिला पदार्थ औषधाचा काही भाग अडवून धरत असे. दुसऱ्याने वाट मोकळी केली आणि रक्तातले औषध वाढले.

म्हणून गोळी कुटण्याआधी, मोडण्याआधी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावे. नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' असेल तर नक्कीच. दूध न पचणाऱ्यांनी लॅक्टोजचीही चौकशी करावी.

आईला डॉक्टरांनी गिळायला सोपी, साधी गोळी लिहून दिली. खल आता वेलदोड्यापुरता उरला आहे. तरी मी गोळी पुढे केली, की आई आधी विचारते, "अख्खी आहे ना रे?"